उतारावरचा हिशोब : गाडीच्या डिस्क आणि पॅड कसे निवडावेत

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत, बेळगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर जाणकार बोलून गेले. आम्ही दोघे भाऊ गॅरेजवाले. हातावरचं काळं ऑइल घासून घासून इथे आलो आहोत. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा ‘ब्रेक’ म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, “वक्त्यांना ब्रेक लावणं हे तर आमचं काम.” तरीही त्यांनी विषय मान्य केला, त्याबद्दल आभार.

हा विषय घेण्याचं कारण साधं आहे. आपल्यापैकी निम्म्या घरांचा गणपती गावी असतो. कुणी आंबोली उतरून सावंतवाडीकडे जातं, कुणी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला उतरून साखळी, डिचोलीकडे, कुणी रामनगरहून अनमोडचा घाट घेतं. बेळगावकराला गोव्याला किंवा कोकणात जायचं तर घाट चुकत नाही. वर पाऊस, धुकं. गाडीत पाच माणसं, डिकीत मखर, फळं, कुंद्याचे डबे. वर्षातला सगळ्यात भरलेला प्रवास आपण सगळ्यात ओल्या दिवसांत करतो, आणि तोही उताराचा.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही घरच्याच गाडीतून गावी निघालो. मागे आई, आत्या आणि धाकट्याची मुलगी. त्या आठवड्यात गॅरेजमध्ये इतकी गर्दी होती, की स्वतःच्या गाडीचे पॅड रात्री दहा वाजता बदलले. आंबोलीच्या अर्ध्या उतारावर जळकट वास आला. आत्या म्हणाली, “कुणीतरी रबर जाळतंय रे.” पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर ते दगडासारखं घट्ट लागलं, पण गाडी काही आवरेना. दुसऱ्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढला, आणि डोंगराच्या बाजूला एक रुंद जागा मिळाली तिथे गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. आई फक्त म्हणाली, “तुम्ही दोघे मेस्त्री ना रे?” तो प्रश्न आम्हाला अजून पुरतो आहे.

परत आल्यावर चाकं खोलली. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता. डिस्क मोजली तर किमान जाडीच्या खाली गेलेली. एका बाजूची कॅलिपरची पिन गंजून अडकलेली, त्यामुळे आतला पॅड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेला. तीन चुका, आणि तिन्ही आमच्या. स्वस्त मिळाले म्हणून साध्या खोक्यातले, काहीही न छापलेले पॅड घेतले. डिस्क मोजली नाही. पिना काढून पाहिल्या नाहीत. आज जे सांगणार आहोत ते या तीन चुकांवरून शिकलेलं आहे.

ब्रेक करतो काय, हे आधी पाहू. ब्रेक गाडीचा वेग ‘खात’ नाही, तो वेगाची उष्णता करतो. बाराशे किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यात जवळजवळ एक लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. वेग निम्मा, म्हणजे ४० असेल तर उष्णता पाव होते. वेग दुप्पट तर उष्णता चौपट, हे घरी मुलांना आवर्जून सांगा.

आता घाटाचा हिशोब करा. माणसं-सामानासकट दीड हजार किलोची गाडी, आणि समजा सहाशे मीटर उंचीचा उतार. सगळी गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर जी उष्णता होते तिच्यात अठ्ठावीस लिटर पाणी उकळेल. अंघोळीचा एक बंब! ती सगळी उष्णता आपल्या तळहातापेक्षा लहान पॅडच्या जोड्या आणि चार-पाच किलोच्या डिस्क यांना झेलून वाऱ्यावर सोडायची असते. गावात सिग्नलला लागणारा ब्रेक आणि घाटात लागणारा ब्रेक या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पास झालेला पॅड दुसरीत पास होईलच असं नाही.

आता डिस्क. पुस्तकात तिला रोटर म्हणतात, आपण डिस्कच म्हणू. ती कशाची असते? बिडाची. आपल्या आजीचा आंबोळ्यांचा तवा ज्याचा, त्याच जातीचं हे लोखंड. पातळ पत्र्याचा तवा लगेच तापतो आणि आंबोळी करपवतो. बिडाचा जाड तवा उष्णता पोटात घेतो आणि सावकाश सोडतो. या करड्या बिडात कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनं विरून जातात. बेळगावकरांना हे नव्याने सांगायला नको. उद्यमबाग, मच्छे इथल्या आणि तिकडे कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत बिडाच्या ओतकामावर कित्येक घरं चालतात. या सभागृहातही साचे भरलेले हात असतील.

पण तवा झिजून पातळ झाला की त्याचं तव्यापण जातं. डिस्कचंही तसंच. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. उदाहरणार्थ, पुढची हवा खेळणारी डिस्क नवी असताना २२ मिलिमीटर असेल, तर किमान २० असते. म्हणजे सगळा खेळ दोन मिलिमीटरचा. त्याखाली गेलेली डिस्क रोजच्या रस्त्यावर बरी चालेल, पण घाटात ती लवकर तापेल, पॅडला भाजेल आणि तडकूही शकेल. मोजताना मायक्रोमीटर लावावा. बाहेरच्या कडेला न झिजलेली कड उभी राहते, साधा व्हर्निअर तिच्यावर टेकतो आणि जाडी खोटी दिसते. आमच्या डिस्कवर ही कड दिसत असूनही आम्ही मोजलं नव्हतं.

डिस्क निवडताना आकार बदलायच्या फंदात पडू नका. कंपनीने ज्या व्यासाची, ज्या जाडीची दिली आहे तीच घ्या. पुढे आतून पोकळ, पंख्यासारख्या पात्यांची डिस्क असेल तर तिच्या जागी भरीव डिस्क कधीही चालणार नाही, कारण त्या पोकळीतूनच वारा उष्णता घेऊन जातो. तरुण मंडळी भोकं पाडलेल्या किंवा खाचांच्या डिस्क विचारतात. दिसायला छान असतात. पूर्वी पॅड तापल्यावर वायू सुटत, त्यांना वाट म्हणून आणि पाणी निघून जावं म्हणून ती भोकं आली. आजच्या पॅडना घरगुती वापरात त्याची गरज नसते. भोकं पाडली की तेवढं बीड कमी होतं, आणि हलक्या मालात त्या भोकांपासूनच तडे जातात. घरच्या गाडीला साधी, चांगली ओतलेली डिस्क उत्तम.

अनेक जण तक्रार घेऊन येतात, “ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, डिस्क वाकली.” खरं तर डिस्क क्वचितच वाकते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा दीडदोन इतका फरक असला तरी पायाला जाणवतो. आणि त्याचं मूळ बहुधा हबवर असतं. गंजलेल्या हबवर नवी डिस्क बसवली की ती किंचित तिरकी फिरते, काही हजार किलोमीटरांत एकीकडे जास्त झिजते आणि थरथर परत येते. म्हणून डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने लख्ख घासलाच पाहिजे. आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच. जुनी डिस्क किमान जाडीच्या बरीच वर असेल तर लेथवर साफ करून घेता येते, पण लेथवरून उतरल्यावरही ती त्या आकड्याच्या वरच राहिली पाहिजे.

आता पॅडकडे वळू. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ होता. उतारावर गाडीवान चाकावर जुन्या बुटाचं चामडं घासून गाडी आवरत, ते पाहून त्याला चांगलं घर्षणद्रव्य करायची कल्पना सुचली असं सांगतात. १८९७ साली त्याने काम सुरू केलं आणि फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावाच्या अक्षरांतून झालं. पॅडची गोष्ट उतारावरच सुरू होते, एवढं लक्षात ठेवा.

बाजारात ढोबळमानाने तीन जातींचे पॅड मिळतात. पहिली सेंद्रिय जात : तंतू, रबर, राळ यांचं मिश्रण. हे मऊ असतात, आवाज करत नाहीत, डिस्कला जपतात. शहरात फिरणाऱ्या हलक्या गाडीला उत्तम. पण फार तापले की लवकर हार मानतात. दुसरी अर्धधातूची : यात पोलादी तंतू आणि लोहचूर्ण बऱ्यापैकी असतं. उष्णता चांगली सोसतात, घाटाला आणि जड गाडीला बरे. मात्र थंड असताना थोडे आवाज करतात, धूळ काळी पडते आणि डिस्क जरा लवकर झिजते. तिसरी सिरॅमिक : शांत, धूळ कमी, टिकाऊ, पण महाग. सिरॅमिक म्हटलं की घाटासाठी सर्वांत श्रेष्ठ, असा समज आहे, तो तितकासा खरा नाही. काही सिरॅमिक पॅड शांततेसाठी बनवलेले असतात, उष्णतेसाठी नव्हेत.

मग ओळखायचं कसं? अनेक पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर एक लांब संकेतांक छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी दोन अक्षरं असतात : ईई, एफएफ, जीजी किंवा जीएफ अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही अक्षरं सारखी असतील तर पॅड गार असो वा गरम, साधारण सारखाच पकडतो. पहिलं मोठं आणि दुसरं लहान असेल, तर गावात कडक वाटणारा ब्रेक घाटात ढिला पडेल. रोजच्या गाडीला एफएफ पुरेसा असतो. ही अक्षरं झीज किंवा टिकाऊपणा सांगत नाहीत, एवढी त्यांची मर्यादा. पण ज्या पॅडवर काहीच छापलेलं नाही, ना अक्षरं, ना बनवणाऱ्याचं नाव, ना बॅच क्रमांक, तो हातातून खाली ठेवावा. आमच्या गाडीत घातलेले तसेच होते.

आमचा सल्ला विचाराल तर : शहरातच फिरणारी छोटी गाडी असेल तर कंपनीने दिलेल्याच जातीचे पॅड. वर्षातून चार-सहा वेळा भरल्या गाडीने घाट असेल तर कंपनीचे, किंवा नामांकित उत्पादकाचे अर्धधातूचे. सात आसनी जड गाडी असेल तर पॅडवर पैसे वाचवूच नका. विजेवरच्या गाडीत मोटरच बराच वेग आवरते, त्यामुळे पॅड झिजत नाहीत पण डिस्क गंजते; अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर नीट ब्रेक दाबून थांबवा. आणि एबीएसवर फार भिस्त नको. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं ते चांगलंच, पण एबीएस चाक अडकू देत नाही, एवढंच. जळलेल्या पॅडला ते पकड कुठून देणार?

पॅड केव्हा बदलायचा? नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो. तीन मिलिमीटर उरला की बदला, किंचाळी ऐकू येईपर्यंत थांबू नका. बदलताना एका धुरीच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. पिना काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने आतलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. नव्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते पुसून मगच बसवावी. आणि गॅरेजवाल्या मित्रांना एक विनंती : ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. पोरांची छाती आपल्या जबाबदारीवर असते.

ब्रेक ऑइल विसरू नका. आपण ऑइल म्हणतो, पण ते इंजिनच्या तेलाच्या जातीचं नाही आणि ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी शोषल्यावर १४० पर्यंत येऊ शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणजे दोन खुणा ध्यानात ठेवा : पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही, तर पॅड जळाला, पेडल मऊ होऊन खाली जातं, तर ऑइल उकळलं. दोन्ही वेळी उपाय एकच. खालचा गिअर, सुरक्षित जागा, आणि अर्धा-पाऊण तास विसावा. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, ती तडकते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, बाटलीत वरून भर घालून भागत नाही.

नवे पॅड-डिस्क घातल्यावर त्याच दिवशी घाटात जाऊ नका. त्यांची ओळख व्हावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०–६० वरून दहापर्यंत वेग आठ-दहा वेळा बेताने कमी करा, मध्ये थोडं गार होऊ द्या, पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. पुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. आम्ही रात्री दहाला पॅड घातले आणि सकाळी आंबोली उतरलो. ही चौथी चूक. मघाशी तीन म्हणालो होतो.

आणि घाटात मोठी माणसं सांगायची तेच खरं : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनने अर्धं काम केलं की त्या बंबातलं पाणी निम्मं होतं. ब्रेक सतत चोळत बसू नका. नीट दाबा, वेग कमी करा, सोडा, हवा लागू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये घालून पेट्रोल वाचवण्याचा विचार तर मनातही आणू नका.

गोष्टीचा शेवट राहिला. गावाहून परतल्यावर आम्ही वही काढली. त्या महिन्यात तेच पॅड सात गाड्यांना बसवले होते. रात्रभर झोप लागली नाही. न सांगता गप्प बसावं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? सकाळी थोरल्याने फोन फिरवायला सुरुवात केली. “काका, तुमच्या गाडीला आम्ही घातलेले पॅड चांगले नाहीत. गाडी घेऊन या, पैसे नकोत.” सहा जण आले. त्यातल्या एकांनी सगळ्यांसमोर चार शब्द सुनावले, ते आम्ही ऐकून घेतले. सातवे गोव्याला गेले होते आणि फोन लागत नव्हता. दोन दिवस आम्ही गाडीचा प्रत्येक आवाज ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच गॅरेजमध्ये आले, प्रसादाची पुडी घेऊन. “काय रे, इतके फोन?” त्यांना खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आधी पॅड बदला, मग चहा सांगा.” आजही त्यांची गाडी आमच्याकडेच येते.

जो सगळ्यात जास्त रागावला होता, तोही येतो. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. काढलेले जुने पॅड, डिस्कचं माप आणि नव्या पॅडचं खोकं गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

तुम्हीही हे मागा, लाजू नका. मेस्त्रीला पाच गोष्टी विचारा : डिस्क मोजली का आणि किती भरली? पॅड कुणाचा, अक्षरं कोणती? दोन्ही बाजू बदलल्या का? पिना आणि हब साफ केले का? ऑइल केव्हा बदललं होतं? चांगला मेस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. चिडला तर दुसरा मेस्त्री बघा.

आई आता घाटात निघण्याआधी आम्हाला एकच विचारते, “मोजलंस का?” आम्ही दरवेळी आकडा सांगतो. तिला मिलिमीटर कळत नाहीत. पण आकडा ऐकला की ती निवांत मागे टेकते. तुमच्या घरातही कुणीतरी असं मागे टेकून बसलेलं असतं. गावी सुखरूप जा, सुखरूप या.

गणपती बाप्पा मोरया.